परक्याच्या चुलीपाशी : स्वयंपाकघराचे दार कसे उघडले

फोर्ट कोचीत उतरलेल्या प्रवाशापुढे आज एक प्रस्ताव हमखास येतो. चिनी जाळी पाहून झाली, मट्टांचेरीचा राजवाडा पाहून झाला; आता एखाद्या घरी जावे, घरच्या बाईंकडून मीन मोइली शिकावी आणि आपण शिजवलेले तिथेच बसून जेवावे. दोन-तीन तासांचा वर्ग, ठरलेले शुल्क. परदेशी पाहुणे येतात, तसे मुंबई-पुण्याचे आणि दिल्ली-बंगळूरचेही येतात. असेच वर्ग उदयपुरात, जयपुरात आणि गोव्यातही चालतात.

येणाऱ्याला वाटते की आपण फार प्राचीन गोष्टीला हात लावत आहोत. पदार्थ जुने आहेत, हे खरे. परंतु परक्या माणसाने, जात-धर्म न सांगता, गृहस्थाच्या स्वयंपाकघरात उभे राहून कालथा हाती घ्यावा, ही गोष्ट इतकी नवी आहे की तिचे आजोबा-पणजोबा शोधायला गेलो तर पदार्थांऐवजी भांडणेच सापडतात. हा धागा त्या भांडणांचा आहे. मोठा आहे, सवडीने वाचावा.

प्रथम वर्गात काय घडते ते पाहू. नारळ खवून त्याचे दूध काढतात : आधी दाट, मग त्याच चोथ्यात पाणी घालून पातळ. मोइलीत मासा शिजतो तो पातळ दुधात. दाट दूध अगदी शेवटी, आच मंद करून घालतात, नाहीतर ते फाटते. तांबडी आमटी असेल तर मातीच्या भांड्यात कुडमपुळी पडते. धुरावर वाळवलेले हे काळे, आंबट फळ आपल्या कोकमाचे सख्खे भावंड. मिठाचे प्रमाण विचारले की उत्तर येते, ‘आवश्यत्तिनु’. म्हणजे हवे तेवढे. आपल्याकडच्या ‘चवीपुरते’ या शब्दाने जसे कोणाचे भले केले नाही, तसेच हेही.

आता इतिहासाकडे. अल्-बिरूनीने सन १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याला येथील ज्ञान समजून घेण्यातली अडचण पहिल्याच प्रकरणात नोंदवावी लागली : हे लोक परकीयांना म्लेच्छ म्हणतात आणि त्यांच्याशी विवाहसंबंध, सहवास, खाणे-पिणे वर्ज्य मानतात. त्याने गणित शिकले, ज्योतिष शिकले, संस्कृत शिकले. पंडितांनी त्याला पोथ्या वाचून दाखवल्या. त्यांच्या स्वयंपाकघराचे दार मात्र त्या व्यवहारात नव्हते.

हा भेद नीट ध्यानात घ्यावा. पोथीपेक्षा चूल अधिक बंद होती. सोवळे म्हणजे नेमके हेच : शिजलेल्या अन्नाला स्पर्शाने, काही ठिकाणी दृष्टीनेही, दोष लागतो ही कल्पना. कच्चे धान्य कोणाकडूनही घेता येई. शिजवलेला भात नाही. म्हणून स्वयंपाकघर घराच्या आतल्या बाजूला, आणि तिथे कोण जाऊ शकतो हे जातीने, सोयराने, सुतकाने आणि बाईच्या बाबतीत महिन्याच्या दिवसांनीही ठरलेले. आपल्याच घरातल्या माणसांना जिथे मोजून प्रवेश, तिथे प्रवाशाची काय कथा?

केरळात हे बंधन आणखी कडक होते. तिथे स्पर्शच काय, अंतरही मोजले जाई. अमुक जातीच्या माणसाने तमुक जातीच्या माणसापासून किती पावले दूर राहावे, याचे हिशेब ठरलेले होते. नंबूदिरी ब्राह्मणांच्या घरातील स्त्रीला ‘अंतर्जनम’ म्हणत. शब्दाचा अर्थच ‘आत राहणारी’. या ‘आत’चा मोठा भाग अर्थात स्वयंपाकघर होता.

तरीही याच कोचीत परकीयाने स्थानिकांकडून शिकल्याचे एक देखणे उदाहरण आहे. मलबारचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रीड याने येथील वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ सिद्ध करविला. तो ॲम्स्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. इट्टी अच्युतन हे एळवा जातीचे वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोकणी ब्राह्मण त्याचे मुख्य साहाय्यक. या तिघांचे नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. त्याच खंडात कुडमपुळीचे झाड चित्रासह येते.

हे कोकणी ब्राह्मण कोचीत कसे, असे कोणी विचारील. गोव्यात पोर्तुगिजांचा जाच वाढल्यावर सोळाव्या शतकात जी सारस्वत कुटुंबे दक्षिणेला गेली, त्यांपैकी पुष्कळ कोचीत स्थिरावली. मट्टांचेरीतील तिरुमल देवस्थान त्यांचेच. मुद्दा असा की डच गव्हर्नराने ज्यांच्याकडून शिकले त्यांची नावे, जात आणि साक्ष छापली. झाडाचे ज्ञान देण्यात सोवळ्याची आडकाठी नव्हती, आणि घेणाऱ्याने ऋण मान्य केले.

दोनशे वर्षांनी इंग्रजांनी हेही केले नाही. कर्नल केनी-हर्बर्ट यांचे ‘क्युलिनरी जॉटिंग्ज फॉर मद्रास’ १८७८ चे. त्यांचा लेखक म्हणून ‘वायव्हर्न’ हा मुखवटा. फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांचे ‘द कंप्लीट इंडियन हाउसकीपर अँड कुक’ १८८८ चे. पहिल्या पुस्तकातला स्वयंपाकी सरसकट ‘रामसामी’ आहे. म्हणजे तो कोणीही आहे आणि कोणीच नाही. दुसऱ्या पुस्तकात मडमसाहेबांनी रोज बावर्चीखान्याची तपासणी कशी करावी, नोकरांना वळण कसे लावावे, याला भरपूर जागा आहे आणि एतद्देशीय पदार्थांना अगदी थोडी.

बंगल्याचा बावर्चीखाना मुख्य इमारतीपासून वेगळा असे. त्यामुळे इंग्रजाला जे ‘भारतीय जेवण’ भेटले ते नोकराने साहेबाच्या जिभेसाठी जुळवलेले होते. गृहस्थाच्या घरची चूल त्याने पाहिलीच नाही. आपण ज्याला ‘करी’ नावाचे गौडबंगाल म्हणतो, त्याचे एक कारण या वास्तुरचनेत आहे.

आता मुख्य भांडणाकडे येऊ. फोर्ट कोचीहून बोटीने पलीकडे गेले की वायपीन बेट लागते. त्याच्या उत्तर टोकाला चेराई. आज हे नाव समुद्रकिनाऱ्यासाठी आणि तिथल्या होमस्टेंसाठी प्रसिद्ध आहे. २९ मे १९१७ रोजी याच चेराईत के. अय्यप्पन नावाच्या तरुणाने एक जेवण घडवून आणले. अय्यप्पन एळवा समाजातले, नारायण गुरूंचे अनुयायी. पंक्तीला एळवा होते आणि त्यांच्याहून खालची मानली गेलेल्या पुलय जातीची माणसे होती. एकत्र बसून सर्व जेवले. मलयाळीत या प्रसंगाला ‘मिश्रभोजनम’ म्हणतात.

लक्षात घ्या, हे ब्राह्मणांविरुद्धचे आंदोलन नव्हते. एळवा स्वतःच वरच्या जातींकडून अस्पृश्यतेचे चटके सोसत होते. अय्यप्पन यांनी प्रश्न केला तो आपल्याच लोकांना, की आपल्या खालच्यांशी आपण कसे वागतो? उत्तर लगेच मिळाले. जेवणाऱ्या कुटुंबांवर जातीचा बहिष्कार पडला. अय्यप्पन यांना ‘पुलयन अय्यप्पन’ म्हणून हिणवले गेले. त्यांनी ते नाव भूषण म्हणून मिरवले. त्यांना हद्दपार करावे अशी मागणी कोचीच्या महाराजांपर्यंत गेली.

विरोधकांनी आणखी एक अफवा उठवली : प्रत्यक्ष नारायण गुरूंनाच हा प्रकार मान्य नाही. अय्यप्पन गुरूंकडे गेले आणि त्यांच्या हस्ताक्षरात संदेश घेऊन आले. माणसांचा धर्म, वेष, भाषा वेगळी असली तरी त्यांची जात एकच असल्यामुळे त्यांनी परस्परांत विवाह करण्यात आणि एकत्र जेवण्यात काही दोष नाही, असा त्याचा आशय. अय्यप्पन यांनी तो छापून वाटला. त्याच वर्षी त्यांनी मट्टांचेरीहून ‘सहोदरन’ हे पत्र सुरू केले आणि पुढे ‘सहोदरन अय्यप्पन’ हेच त्यांचे नाव रूढ झाले. नंतर ते कोची संस्थानात मंत्रीही झाले. अन्नाच्या एका पंक्तीने माणसाचे नाव बदलावे, असा दाखला दुर्मीळच.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. मुंबईत १८४९ साली स्थापन झालेल्या परमहंस सभेचे सभासद जातिभेद मोडण्यासाठी पाव खात, पण ते दार लावून, गुप्तपणे. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला जाऊन नावे फुटतील म्हटल्याबरोबर सभा विरून गेली. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांनी दिलेला चहा काहींनी प्याला, काहींनी नुसताच हाती धरला, आणि नावे वृत्तपत्रात छापून आल्यावर केवढे ग्रामण्य माजले! न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाने पुढे प्रायश्चित्त घेतले. चहा-बिस्किटांची ही गत. तिथे परक्याला चुलीपाशी बोलावण्याचा विचारही संभवत नव्हता.

मग दार उघडले कोणी? सुधारकांनी ते ढकलले हे खरे. परंतु माझ्या मते खरी कडी काढली ती दोन अगदी साध्या गोष्टींनी : घरापासून दूर गेलेल्या मुलींनी आणि पैशांच्या गरजेने.

मुलींची गोष्ट आधी. स्वयंपाक आईकडून, मग सासूकडून, पाहून-पाहून शिकायचा; लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. राजवाड्यांत ग्रंथ झाले, जसे कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याच्या ‘मानसोल्लासा’त बाराव्या शतकात अन्नावर प्रकरण आहे, किंवा तंजावरच्या मराठा दरबारात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी सतराव्या शतकात ‘भोजनकुतूहल’ लिहिले. पण ते घरातल्या सुनेसाठी नव्हते. तिच्यासाठीचे पुस्तक छापखान्याने आणले. मराठीत लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० चे. तमिळमध्ये मीनाक्षी अम्माळ यांचे ‘समैत्तु पार’, म्हणजे ‘शिजवून पाहा’, १९५१ चे. मलयाळीत मिसेस के. एम. मॅथ्यू १९५० च्या दशकापासून ‘मलयाळ मनोरमे’त पाककृती लिहू लागल्या. मराठी घराघरांतली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची.

ही पुस्तके वाचणाऱ्या मुली नोकरीवाल्या नवऱ्याबरोबर परगावी गेलेल्या होत्या. शेजारी सासू नव्हती. ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा यांना जी प्रतिष्ठा दिली, तिचे कारण हेच : अंदाज हा जवळ उभ्या असलेल्या माणसाकडून शिकता येतो, पुस्तकातून माप हवे. मधुर जाफरी १९५० च्या दशकात लंडनला नाट्यशिक्षण घेत असताना आईच्या पत्रांतून स्वयंपाक शिकल्या, ही कथा प्रसिद्धच आहे. त्यांचे पहिले पुस्तक १९७३ मध्ये अमेरिकेत निघाले आणि १९८२ मध्ये बीबीसीवरील त्यांच्या मालिकेने इंग्रजांना सांगितले की ‘करी’च्या पलीकडे एक घरगुती जग आहे. आज कोचीच्या वर्गात येणारा इंग्रज पाहुणा बहुधा त्या मालिकेचे, निदान तिच्या परिणामांचे, अपत्य असतो.

पुस्तकाने जे साधेना ते वर्गाने साधले. मूळच्या पुण्याच्या तरला दलाल यांनी १९६६ साली मुंबईत आपल्या घरी स्वयंपाकाचे वर्ग सुरू केले. त्यांचे पहिले पुस्तक आले १९७४ साली, म्हणजे वर्ग आधी आणि पुस्तक नंतर. शिकायला येणाऱ्या मुख्यत्वे लग्नाळू मुली आणि नवविवाहिता. अनोळखी घरातली मुलगी शुल्क देऊन दुसरीच्या स्वयंपाकघरात उभी राहते आणि दोघींनाही त्यात काही गैर वाटत नाही, ही सवय शहरी मध्यमवर्गाला येथे लागली. प्रवाशांचा वर्ग म्हणजे याच सवयीची धाकटी बहीण.

आता पैशांची गोष्ट. तिची मुळे श्रीमंत दिवाणखान्यात नसून गिरणगावातल्या चाळींत आहेत. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार कुटुंबाविना राहत. त्यांचे जेवण चाळीतली एखादी बाई आपल्या खोलीत रांधून घाली. ही खाणावळ. दहा बाय दहाच्या खोलीत स्वयंपाकघर आणि बैठक यांत भिंतच नसे, मग सोवळे ठेवायचे कुठे? या खाणावळवाल्या बायांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले. घरच्या चुलीवर परक्याला जेवू घालून संसार चालवण्याचा हा उद्योग होमस्टेच्या कितीतरी आधीचा. त्याला मात्र कोणी ‘अनुभव’ म्हणून विकले नाही.

विकणे पुढे सरकारने शिकवले. केरळने १९८६ साली पर्यटनाला उद्योगाचा दर्जा दिला. राज्यात मोठी जमीन सलग मिळणे कठीण, हॉटेले मर्यादित. पण आखाती पैशांवर बांधलेली, मुले परदेशी गेलेली मोठी घरे पुष्कळ. त्यांतून होमस्टे वाढले. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी खोल्या कमी पडतील या धास्तीने २००७ साली निवास-न्याहारीचा कायदाच झाला. महाराष्ट्रातही पर्यटन महामंडळाची अशी योजना आहे. कोकणात तिच्या पाट्या सर्वांनी पाहिल्या असतील. या साऱ्यांची मूळ कल्पना एकच : मालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असावे. कुटुंब आले की त्याची चूल आली, आणि पाहुण्याने ‘हे कसे केले?’ असे विचारले की वर्ग आला.

येथे मला एका नाटकाची आठवण होते. व्ही. टी. भट्टतिरिप्पाड यांनी १९२९ साली नंबूदिरी स्त्रियांच्या मुक्तीसाठी ‘अडुक्कळयिल निन्नु अरंगत्तेक्कु’ लिहिले. शीर्षकाचा अर्थ ‘स्वयंपाकघरातून रंगमंचावर’. अंतर्जनमने चुलीपासून उठून उजेडात यावे, ही त्याची हाक. शतकभरात घडले ते वेगळेच. बाई स्वयंपाकघरातून रंगमंचावर गेली खरी, शाळेत, कचेरीत, विधिमंडळातही गेली. पण होमस्टेत रंगमंच चालत स्वयंपाकघरात आला. पाहुणे अर्धवर्तुळात उभे, बाई मध्ये, हातात कालथा, समोर मोबाइलचे कॅमेरे.

यात विनोद आहे, तसा लाभही आहे. जे काम वर्षानुवर्षे बिनमोल गणले गेले त्याचे तासाचे मोल ठरले आणि ते बाईच्या नावे जमा होऊ लागले. तिचे नाव पाटीवर आले. ‘रामसामी’ची गत तिची झाली नाही. चार भिंतींआडच्या तिच्या कौशल्याला ती ‘विद्या’ म्हणू शकते. २०२१ साली आलेला ‘द ग्रेट इंडियन किचन’ हा मलयाळी चित्रपट ज्यांनी पाहिला त्यांना ठाऊक असेल की त्याच राज्यात, तशाच स्वयंपाकघरात, तीच कामे बिनपगारी केली की त्यांचे स्वरूप किती निराळे दिसते. खरकटे, तुंबलेली मोरी, आणि महिन्याचे ते चार दिवस. वर्गात हे दाखवत नाहीत. शुल्क त्यासाठी नसतेच.

आणखीही काही दाखवले जात नाही. नारळ आधीच खवून ठेवणारी, मासा साफ करणारी, पाहुणे गेल्यावर भांडी घासणारी मदतनीस बाई चित्रात क्वचितच असते. ‘केरळी जेवण’ म्हणून जे शिकवले जाते ते कोणत्या समाजाचे, हेही पाहुण्याला सहसा कळत नाही. सीरियन ख्रिस्ती घरची मोइली, मट्टांचेरीच्या कोकण्यांचे घरगुती पदार्थ आणि पुलय वस्तीतला स्वयंपाक एकच नव्हेत. यांतला तिसरा शिकवणारा वर्ग प्रवाशाच्या वाटेवर मुद्दाम शोधावा लागतो.

आणि दार पूर्ण उघडले असे समजण्याची घाई कोणी करू नये. २०१७ साली पुण्यात, सोवळ्यातल्या स्वयंपाकासाठी ठेवलेल्या बाईंनी जात लपवली म्हणून त्यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार झाली होती. टीका झाल्यावर ती मागे घेण्यात आली. ज्या काळात परदेशी पाहुणा शुल्क भरून गृहस्थाच्या चुलीपाशी निर्धास्त उभा राहतो, त्याच काळातली ही घटना. पाहुण्याला जात विचारत नाहीत. मग कामाला येणाऱ्या बाईंना का विचारतात, हा प्रश्न १९१७ साली चेराईत विचारला गेला त्यापासून फार दूरचा नाही.

ज्यांना कोचीला जायचे आहे त्यांच्यासाठी एक सूचना. चेराईत, समुद्रकिनाऱ्याच्या गावातच, सहोदरन अय्यप्पन यांचे स्मारक त्यांच्या जन्मस्थानी जतन केले आहे. ते सकाळी पाहून घ्यावे आणि स्वयंपाकाचा वर्ग दुपारचा ठरवावा. वर्गात कुडमपुळी हाती आली की ती आमटीत टाकण्यापूर्वी वास घ्यावा, धुराचा असतो. आणि बाईंना विचारावे की हे त्या कोणाकडून शिकल्या. बहुतेक वेळा उत्तर मापांपेक्षा लांब असते.